फुकट गहू, महाग पोळी

‘रेशन तर आता फुकटच आहे ना? मग म्हाताऱ्या माणसांना प्रॉब्लेम काय?’ कँटीनमध्ये एका मित्राने विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता हो. पण मी पडले अकोल्याची, आणि तो प्रॉब्लेम आमच्या गल्लीतच राहतो. वय पंच्याहत्तरच्या पुढे, घरात दुसरं कुणी नाही, तोंडात दात चार. सगळी गल्ली तिला ‘माय’ म्हणते.

धान्य फुकट आहे, खरंय. जानेवारी २०२३ पासून केंद्राने रेशनच्या गहू-तांदळाचे पैसे घेणं बंद केलं. पण खरी गंमत कार्डात आहे. अंत्योदय असेल तर घराला महिन्याला ३५ किलो. ‘प्राधान्य’ असेल तर माणशी ५ किलो. आता मायचं ‘कुटुंब’ म्हणजे एकटी माय! म्हणजे एका शिक्क्यावर ५ की ३५ हे ठरतं. केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांचं तर आणखी वेगळं. अमरावती, अकोल्यासह १४ जिल्ह्यांत त्यांना २०१५ पासून स्वस्त धान्य मिळायचं. २०२३ मध्ये त्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये खात्यात टाकायचं ठरलं, नंतर ते १७० झाले. आपल्या एका कॉफीचे पैसे! त्यातले निम्मे तर बँकेत जायच्या ऑटोलाच जातात.

बरं, धान्य मिळालं असं धरू. आधी मशीनवर अंगठा. माय म्हणते, ‘भांडे घासू घासू आंगठाच घासला माहा, मशीन मले वळखतच नाई बाप्पा!’ मग चक्कीचे पैसे, गॅस, तेल, मीठ. आणि एका जिवासाठी कणिक मळायची कोणी? माय कितीदा तरी चहात पोळी बुडवून रात्र काढते, तीही सकाळची.

६५ वर्षांवरच्या, पेन्शन न मिळणाऱ्या निराधारांसाठी २००० साली ‘अन्नपूर्णा’ योजना आली. महिन्याला १० किलो, तेही कच्चं धान्यच. शिजलेलं ताट दिलं ते शिवभोजनने, २६ जानेवारी २०२० पासून. १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. मला ही आयडिया फार आवडली होती. फक्त केंद्रं बसस्टँड, दवाखाना, बाजार अशा ठिकाणी. गुडघे धरून चालणाऱ्या मायला तेवढं अंतरही मुंबईइतकंच.

गाडगेबाबा आमच्याच वऱ्हाडातले, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांच्या दशसूत्रीत भुकेलेल्याला अन्न पहिल्या नंबरावर आहे. अंगठ्याची अट कुठे दिसत नाही.

तर दोस्तांनो, दिवाळीला विदर्भ एक्स्प्रेस पकडाल तेव्हा चिवड्याचा डबा उघडण्याआधी शेजारच्या आजीचं रेशनकार्ड मागून बघा. ई-केवायसी झालंय का? निराधार विधवा आणि आधार नसलेले साठीपुढचे लोक अंत्योदयात बसू शकतात, हे नियमातच आहे. मग तिचं कार्ड ‘प्राधान्य’मध्येच का पडून आहे? दुकानापर्यंत जाणं जमत नसेल तर नॉमिनीची सोय असते. अर्ज तहसीलच्या पुरवठा विभागात. सोबत जा, कारण तिथे एकट्या म्हातारीला ‘उद्या या’ म्हणणं फार सोपं असतं. आणि तुमच्या आईला सांगून बघा, दुपारच्या दोन पोळ्या जास्त टाकायला. मऊ हव्यात, एवढं मात्र नक्की सांगा.