मुरलेपणाचे थोतांड

मराठी समीक्षेत ‘मुरलेला’ हे विशेषण फार स्वस्त झाले आहे. लेखक मुरलेला, शैली मुरलेली, आणि पुस्तकाने पन्नाशी ओलांडली की तेही मुरलेले! वर त्याला जुन्या मद्याची उपमा. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. येथून मद्याविषयी बोलणे काहींना आगाऊपणा वाटेल. पण उपमा देणाऱ्याने उपमानाची निदान चौकशी करावी, एवढे म्हणायला परवाना लागत नाही.

पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातील ‘व्हिंटेज पोर्ट’ घ्या. द्राक्षरस आंबत असताना मध्येच मद्यार्क घालून ती क्रिया थांबवतात, म्हणून गोडी उरते. एकाच वर्षाच्या द्राक्षांचे हे मद्य सुमारे दोन वर्षे पिंपात आणि पुढे कित्येक दशके बाटलीत राहते. मात्र हा मान सरसकट मिळत नाही. उत्पादक निवडक वर्षेच जाहीर करतात. म्हणजे पहिला निवाडा मुरण्याआधी होतो. दुसरा बाटली उघडल्यावर. गाळ तळाशी बसू देऊन वरचे मद्य अलगद ओतून घेतात. मग रंग जांभळ्यावरून विटकरीकडे किती झुकला, गोडी, तुरटपणा आणि मद्यार्काची धग एकमेकांना सावरतात का, घोट सरल्यावर चव किती रेंगाळते, हे पाहतात. बुचाने घात केला असेल तर वयाची सबब चालत नाही.

आमच्याकडे गाळालाच परंपरा म्हणतात. वर्ध्यात १९६९ आणि २०२३ साली अखिल भारतीय साहित्य संमेलने भरली. मधल्या चोपन्न वर्षांत मानाच्या किती पुस्तकांची बुचे आपण पुन्हा उघडली?

दुसरे टोक मोहाच्या दारूचे. तिचे मोजमाप पंचनाम्यात होते: इतके लिटर, इतका सडवा नष्ट. तेथे चवीचा रकाना नसतो. दारूने जिचा संसार मोडला तिला तो नकोच आहे, आणि तिचे बरोबर आहे. समीक्षकाला मात्र ही सवलत नाही. तरीही दलित, आदिवासी, ग्रामीण लेखनाचा आपण पंचनामाच करतो. जात, जिल्हा, विषय नोंदवला की वाचन संपले. प्रस्थापितांना वयाचे गुण, इतरांना नुसती नोंद. चाखले कोणालाच नाही.

आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये कवींची नावे झाकून विद्यार्थ्यांपुढे कविता ठेवल्या आणि त्या प्रयोगावर १९२९ साली ग्रंथ लिहिला. मद्यपारखीही बाटलीवरची चिठ्ठी झाकतात. आपल्या वर्गांत एकदा तरी हे व्हावे. नाव आणि साल झाकलेले एक पान द्यावे, आणि प्राध्यापकांनीही विद्यार्थ्यांबरोबर बसून उत्तर लिहावे. ज्यांना याची भीती वाटते, त्यांनी ‘मुरलेला’ हा शब्द लोणच्यापुरताच ठेवावा.