भंगाराची तपासणी भट्टीच्या दाराशीच हवी

पितळेच्या भांड्यांमुळे ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्यात मोड देऊन नवे भांडे घेण्याचा व्यवहार जुनाच आहे. शेजारी वरठीला पोलाद कारखानाही आहे. धातू पुन्हा पुन्हा वापरणे ही शहाणपणाची गोष्ट आहे, आणि किरणोत्सारी द्रव्याने दूषित झालेले भंगारही त्याला सर्वस्वी अपवाद नाही. त्यातूनही वापरण्याजोगा धातू काढता येतो, आणि तो काढावा असेच माझे मत आहे. मात्र ते काम नेहमीच्या भट्टीचे नाही. असे भंगार तिथे चुकूनही पोहोचू नये, यासाठी तपासणी बंदरावर होते तशी भट्टीच्या आणि मोठ्या भंगार गोदामाच्या फाटकावरही व्हायला हवी.

याचे कारण वितळण्याच्या क्रियेतच आहे. सीझियम-१३७ पोलादाच्या उष्णतेला टिकत नाही. त्याची वाफ होते आणि ते भट्टीच्या धुळीत जाऊन बसते. युरेनियम, थोरियम, रेडियम बहुतांशी मळीत उतरतात. म्हणजे या द्रव्यांच्या बाबतीत वितळवणे हीच शुद्धीकरणाची रीत ठरते, पण धूळ आणि मळी पकडून वेगळी साठवण्याची सोय असेल तरच. १९९८ साली स्पेनमधील अल्हेसिरासजवळच्या पोलाद कारखान्यात सीझियमचा स्रोत नकळत वितळला, आणि धुराड्यातून निसटलेल्या सीझियमचा माग फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड, जर्मनीपर्यंत लागला. कोबाल्ट-६०ची गोष्ट याहून कठीण. ते लोखंडासारखेच वागते आणि पोलादात एकजीव होते. कोणतीही भट्टी ते वेगळे करत नाही. तिथे उपाय काळाचाच. त्याचे अर्धायुष्य सुमारे ५.२७ वर्षे, म्हणजे ५३ वर्षांनी किरणोत्सार हजाराव्या हिश्श्यावर येतो.

हा धोका पुस्तकी नाही. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडले आणि ते पोलाद भारतातून गेलेले निघाले. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्टचा स्रोत असलेले यंत्र फोडले गेले. एका कामगाराचा जीव गेला, अनेकांना गंभीर इजा झाली. ते यंत्र दिल्ली विद्यापीठाचे होते, १९८५ पासून पडून होते आणि लिलावात विकले गेले. ते कोणत्याही बंदरातून त्या बाजारात आले नव्हते, म्हणून बंदरावरची तपासणी त्याला अडवू शकलीच नसती. देशातल्याच रुग्णालयांतून, प्रयोगशाळांतून, कारखान्यांतून निघालेले भंगार रस्त्याने थेट गोदामात येते.

काही जण म्हणतील, एवढी उठाठेव कशाला, सगळे पुरून टाका. पण पुरायची जागा मोजकी असते, आणि बहुतेक दूषित धातूवर दोष फक्त पृष्ठभागावर असतो. जर्मनीत क्रेफेल्डला आणि स्वीडनमध्ये स्टुड्सविकला खास भट्ट्यांत असा धातू वितळवला गेला आहे. क्रेफेल्डच्या धातूपासून अणुउद्योगासाठीच संरक्षक ठोकळे आणि पेट्या ओतल्या गेल्या. तो धातू घरातल्या भांड्यांत येत नाही, हा त्या पद्धतीतला मला सर्वांत पटणारा भाग. तारापूरच्या १९६९ पासूनच्या अणुभट्ट्या कधी ना कधी मोडाव्या लागतील. तेव्हा आपल्यालाही अशी सोय लागेलच.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. छोट्या कबाड्याला शोधक यंत्र परवडणार नाही. पण स्रोत एकदा वितळला की भट्टी, धूळ, मळी, तयार माल, सगळेच अडकून पडते. त्यापुढे फाटकावरच्या यंत्राची किंमत किरकोळ ठरते. म्हणून यंत्र मोठ्या गोदामांनी आणि भट्टीवाल्यांनी बसवावे. कबाड्याला मात्र वेगळी हमी हवी: संशयित वस्तू दाखवली म्हणून त्याच्यावर गुन्हा नाही, आणि मालाचे पैसेही बुडणार नाहीत. ती हमी नसेल तर तो माल दडवील किंवा दुसऱ्याच्या गळ्यात घालील. यासाठीचा पैसा स्रोत वापरणाऱ्या संस्थेकडून परवाना देतानाच अनामत म्हणून घ्यावा. वस्तू सापडली की कळवायचे कुणाला, हे भंडाऱ्याच्या जिल्हा प्रशासनाने प्रत्येक गोदामाच्या दारावर मराठीत आणि हिंदीत, किरणोत्साराच्या तीन पात्यांच्या चिन्हासह लावायला हवे.