विजेवर चालणारी युद्धनौका आणि आपला उष्ण समुद्र

महादेवपुऱ्यातील एखाद्या मोठ्या गृहसंकुलात वीज गेली की तळघरातील डिझेल जनित्रे सुरू होतात आणि लिफ्ट, पाण्याचे पंप, घरोघरचे दिवे त्याच विजेवर चालू लागतात. पूर्ण विद्युत प्रणोदनाची युद्धनौका तत्त्वतः याहून फार निराळी नाही. तेथे इंजिन गिअरबॉक्सद्वारे पंख्याला जोडलेले नसते. ते केवळ वीज निर्माण करते. त्या सामाईक विजेतूनच पंखा फिरवणारी मोटर, रडार आणि खलाशांचे स्वयंपाकघर चालते. त्यामुळे आवाज घटतो, आणि गरजेपुरतीच जनित्रे चालवता येतात. मात्र एकसारख्या वेगाने जाणाऱ्या मालवाहू जहाजाला याचा लाभ अल्पच, कारण विजेच्या रूपांतरात काही ऊर्जा वाया जाते.

२८ नोव्हेंबर २०२४ रोजी पोर्ट्समथ येथे भारत व ब्रिटन यांनी नौदलासाठीच्या विद्युत प्रणोदन प्रणालींबाबत सहकार्याच्या इरादापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. भारतात बांधावयाच्या लँडिंग प्लॅटफॉर्म डॉक नौकांवर ही प्रणाली बसवण्याचा मानस आहे. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु ब्रिटनकडून तंत्रज्ञानाइतकाच त्यांचा मनस्तापही समजून घ्यावा, असे मला वाटते.

ब्रिटनच्या टाइप ४५ विनाशिका विजेवरच चालतात. उष्ण वातावरणात त्यांच्या गॅस टर्बाइनच्या शीतन यंत्रणेची कार्यक्षमता घसरली. टर्बाइन बंद पडताच सारा भार डिझेल जनित्रांवर आला, तो त्यांना पेलवला नाही आणि नौका अंधारात गेल्या. २०१६ साली ब्रिटिश संसदेच्या संरक्षण समितीसमोर याची जाहीर चर्चा झाली. उपाय म्हणून दोन जनित्रांच्या जागी तीन अधिक शक्तिशाली जनित्रे बसवण्याचे काम हाती घ्यावे लागले, तेही नौकेचे पोट कापून. ज्या पाण्यात त्यांना त्रास झाला, तसे पाणी आपल्याला बारमाही घरचेच आहे.

आपल्याकडे धीराने केलेल्या कामाचे उदाहरण अंबरनाथला आहे. तेथील नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी इंधनघटावर आधारित वायुनिरपेक्ष प्रणोदन विकसित केले. लार्सन अँड टुब्रो व पुण्याची थरमॅक्स यांचा त्यात सहभाग होता. लागणारा हायड्रोजन पाणबुडीतच तयार होतो. मार्च २०२१ मध्ये जमिनीवरील नमुन्याची चाचणी यशस्वी झाली, आणि पाणबुडीत तो बसवण्याचा सुमारे १,९९० कोटींचा करार माझगाव डॉकशी झाला डिसेंबर २०२४ मध्ये. दरम्यान कलवरी वर्गातील सहाही पाणबुड्या या प्रणालीविनाच बांधून झाल्या. हा उशीर मला खटकतो. जमिनीवर आधी कसून तपासण्याचा आग्रह मात्र योग्यच होता.

तोच आग्रह ब्रिटनशी होणाऱ्या पुढील करारातही लेखी असावा: संपूर्ण प्रणाली किनाऱ्यावर उभारून, मे महिन्यातील अरबी समुद्राचे पाणी शीतनासाठी वापरून, पूर्ण भारावर चालवून दाखवावी. मोटर आयात झाली तरी चालेल. कोणत्या क्षणी कोणता भार तोडायचा हे ठरवणाऱ्या नियंत्रण आज्ञावलीची मूळ संहिता मात्र आपल्या अभियंत्यांच्या हाती असली पाहिजे; महादेवपुऱ्यात समुद्र नसला तरी ते काम करू शकणारे अभियंते येथे पुष्कळ आहेत.