नोटेचे मोल आणि बँकेचे अंतर

दोन हजार रुपयांची नोट मागे घेण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने १९ मे २०२३ रोजी जाहीर केला, तेव्हा ३.५६ लाख कोटी रुपयांच्या अशा नोटा चलनात होत्या. त्यांपैकी बहुतेक परत आल्या. नोटेची कायदेशीर मान्यता कायम राहिली. मात्र ७ ऑक्टोबर २०२३ नंतर ती बदलण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांपुरती उरली. महाराष्ट्रातील अशी कार्यालये मुंबई, बेलापूर व नागपूर येथे. पुणे त्यांत नाही. त्यामुळे आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुकच्या एखाद्या शेतकऱ्याला त्यानंतर घरात अशी नोट सापडली, तर मुंबई-बेलापूर गाठणे किंवा टपालाचा आधार घेणे एवढेच मार्ग राहिले.

बदलण्याचे ठिकाण दूर गेले की नोटेचे मोल डळमळते, हा अनुभव जुना आहे. रशियाच्या सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरीन यांनी तुर्कस्तानशी युद्ध सुरू असताना १७६९ मध्ये 'असिग्नात्सिया' ही कागदी नोट काढली. तेव्हा तांब्याच्या शंभर रुबलांचे वजन शंभर किलोंहून अधिक भरे, म्हणून कागदाचे स्वागत झाले. नोटेच्या बदल्यात नाणी देणाऱ्या बँका प्रथम सेंट पीटर्सबर्ग व मॉस्को येथेच होत्या. पुढे अन्य शहरांत कचेऱ्या निघाल्या. पण युद्धखर्चासाठी छपाई वाढत गेली, नाणी मिळेनाशी झाली आणि विश्वास आटला. अखेर १८३९ मध्ये चांदीच्या एका रुबलासाठी साडेतीन कागदी रुबल, असा दर ठरवावा लागला.

आपल्याकडेही १८६१ च्या कागदी चलन कायद्यानुसार निघालेल्या नोटा आपापल्या मंडळापुरत्या बांधलेल्या होत्या. मुंबई मंडळाची नोट कलकत्त्यात कायदेशीर चलन नव्हती. हे बंधन पाच रुपयांच्या नोटेपुरते १९०३ मध्ये, ब्रह्मदेश वगळता, सुटले.

नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या. १४ नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना त्या स्वीकारण्यास मनाई झाली. विकास सोसायट्यांमार्फत पीककर्ज पुरवणारी, म्हणजे ग्रामीण खातेदाराच्या सर्वांत जवळची बँकच त्यामुळे व्यवहाराबाहेर गेली. शहरात गैरसोय रांगेची होती; गावात रांगेआधी अंतर होते.

बनावट नोटा व काळा पैसा रोखण्यासाठी शासनाला चलन बदलावे लागू शकते. परंतु नोटेवरील वचन धारकाला दिलेले असते, तो कोठे राहतो याची अट त्यात नसते. म्हणून यापुढे कोणतीही नोट मागे घेताना किमान तालुक्याच्या ठिकाणी ती बदलण्याची कायम सोय ठेवणे, हे त्या वचनाचाच भाग मानले पाहिजे.