जेटीचं काम कुठे अडतं, तेवढं मोजूया



गोव्यात कुठल्या जेटीवर दुरुस्तीचं किंवा वाढीव धक्क्याचं काम सुरू झालं की एकच प्रश्न ऐकू येतो, "हे पुरं कधी होणार?" उत्तर ठरलेलं, "मार्चपर्यंत." कुठला मार्च, ते कोणी सांगत नाही. आमचं म्हणणं असं की प्रश्नच बदलूया. "आज काम कशासाठी थांबलंय?" असं विचारूया.

काम रखडतं ते बहुतेक वेळा दोन कामांच्या मधल्या वेळेत. आपल्या ट्रॉलरचंच बघा. महिन्यात एक फेरी कमी पडली तर ती काय जाळं ओढायला वेळ लागला म्हणून? बर्फाला रांग, डिझेलला रांग, मासळी उतरवायला जागा नाही, त्यात दिवस जातात. मोठं इंजिन बसवून ती रांग कमी होत नाही. तसंच जेटीवर दहा माणसं जास्त आणली, पण नकाशावर सही नसेल, तर तीही बसूनच राहणार.

त्यात समुद्रातल्या कामाचा हिशेब वेगळा. धक्क्याच्या खालच्या तुळयांना मोठी सुकती लागते, ती अमावास्या-पुनवेच्या आसपास मिळते. सळ्या बांधून झाल्या की इंजिनियरने तपासल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही. हा नियम बरोबरच आहे. खाऱ्या पाण्यात सळई गंजते, काँक्रीटचा थर कमी पडला तर धक्का आतून फुगून फुटतो. पण तपासणीचा माणूस दोन दिवस उशिरा आला तर काम दोनच दिवस लांबत नाही, पुढच्या उधाणापर्यंत लांबतं. दोनाचे पंधरा दिवस होतात.

कामाच्या आदेशाचंही तसंच. पावसाळ्यात पाण्यातलं काम होत नाही. आदेश ऑक्टोबरच्या आधी निघाला तर मेपर्यंत आठ महिने मिळतात. तोच कागद टेबलावर राहून फेब्रुवारीत निघाला, तर सामान येईपर्यंत एप्रिल सरतो आणि अर्धे खांब पावसात उभे राहतात. चार महिन्यांची वाट वर्ष खाऊन जाते.

ते वर्ष कोण भरतं? बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. १ ऑगस्टला सगळ्या बोटी एकदम निघतात, आणि परत येतात तेव्हा धक्का अर्धाच मोकळा. मग बोटीला बोट बांधून थांबायचं, बर्फ वितळतो, मासळी नरम पडते, भाव उतरतो. खलाशी क्रेट उचलून उघड्या सळ्यांमधून वाट काढतो.

काही जण म्हणतील, ठेकेदारच चोर. असेलही. पण नोंद नसेल तर ठेकेदार खात्याकडे बोट दाखवतो, खातं ठेकेदाराकडे, आणि आपण दोघांकडे बघत बसतो. नोंद असली तर कामचुकार ठेकेदार दिसतो, आणि चांगल्या ठेकेदाराचं थकलेलं बिलही दिसतं.

कोकण रेल्वेचं उदाहरण आपल्या दारातलं आहे. ई. श्रीधरन यांनी तिथे उलटी घड्याळं लावली होती, किती दिवस उरले ते दाखवणारी. जागेवरच्या इंजिनियरांना जागेवर निर्णय घ्यायचे अधिकार दिले. उशीर तिथेही झाला. पेडण्याच्या बोगद्यातल्या मऊ मातीने दमवलं, आणि पूर्ण मार्ग १९९८ साली सुरू झाला. पण घोडं कुठे अडलंय, ते काम करणाऱ्यांना माहीत होतं.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत, यातल्या बहुतेकांना फारसा पैसाही लागत नाही.

एक, जेटीवर फलक लावा. काम किती दिवस थांबलं, कशासाठी आणि कोणाकडे, हे रोज लिहा.

दोन, दर सोमवारी खातं, ठेकेदार आणि सोसायटी यांची अर्ध्या तासाची बैठक. पुढच्या आठवड्यात काय होणार आणि त्याला काय कमी आहे, एवढंच बोलायचं.

तीन, कामाचं वेळापत्रक भरती-सुकतीच्या तक्त्यावरून करा. तपासणीची तारीख आधी ठरवा, आणि तो इंजिनियर नसला तर दुसरा कोण, त्याचं नाव लिहून ठेवा.

चार, बंदीत जेटी रिकामी असते. शेडमधलं वायरिंग, नळ, फरशी तेव्हाच उरका.

आपल्याकडूनही एक शब्द हवा. ज्या दिवशी धक्क्याचा जो भाग कामाला लागेल, तो आदल्या संध्याकाळी रिकामा करून द्यायचा. मोठा ट्रॉलर असो की छोटी होडी, नियम सगळ्यांना सारखा. आपल्या बोटीमुळे मिक्सर उभा राहिला, तर तेही त्याच फलकावर लिहिलं जाईल.

फलक लागेपर्यंत वाट बघायची गरज नाही. तांडेलाकडे वही असतेच. आजपासून तारीख टाका आणि काम का थांबलं ते एका ओळीत लिहा. पुढच्या सभेला ती वही घेऊन या. तोंडी तक्रारीला "बघतो" म्हणता येतं. तारखांसकट वही समोर ठेवली की उत्तर द्यावं लागतं.