पिनेच्या जागी बोल्ट

सोयाबीनची सुगी आली की गडहिंग्लज तालुक्यात मळणी मशीन एका शिवारातून दुसऱ्या शिवारात धावू लागतं. परतीचा पाऊस डोक्यावर असतो, मशीनवाल्याचा फोन सारखा वाजत असतो. या घाईत ट्रॅक्टरचा पीटीओ (इंजिनाचा जोर मशीनला देणारा फिरता दांडा) आणि मशीन यांना जोडणारा जॉइंट, म्हणजे मधला शाफ्ट, उघडाच फिरतो. त्यावरचं प्लॅस्टिकचं कव्हर कधीच फुटलेलं असतं, नाहीतर काढून गोठ्यात टाकलेलं. हटकलं तर उत्तरं तयार असतात. ती जाणत्या माणसांची आहेत, म्हणून एकेक तपासायला हवीत.

पहिलं उत्तर : ‘इतकी वर्षं चालवतोय, काय झालं नाही.’ अनुभव खरा, निष्कर्ष चुकीचा. पीटीओची नेहमीची गती मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९. शाफ्ट पाच सेंटिमीटर जाड धरला तर त्याचा घेर सुमारे सोळा सेंटिमीटर. शेजारी काम करणाऱ्या मजूर बाईच्या पदराचं टोक एकदा त्यावर चढलं की सेकंदाला जवळजवळ दीड मीटर कापड ओढलं जातं, आणि गुंडाळी जाड होईल तसा हा वेग वाढत जातो. काय होतंय ते कळेपर्यंत बाई शाफ्टवर ओढली गेलेली असते. अनुभव वापरायला सवडच मिळत नाही, तिथं अनुभवाचा हवाला द्यायचा कशाला?

दुसरं उत्तर : ‘क्लच दाबला की थांबतंय की.’ क्लचनं तुटतो तो इंजिनाचा जोर. मशीनचा ड्रम आणि जड फ्लायव्हील आपल्या वेगानं फिरतच राहतात आणि शाफ्टलाही फिरवत राहतात. इंजिनाचा आवाज उतरला म्हणून हात पुढं करणारा माणूस नेमका याच वेळी सापडतो.

तिसरं उत्तर जरा वजनदार आहे : ‘कव्हर असलं की जॉइंट काढता येत नाही, ग्रीस मारता येत नाही.’ अडचण खरी, पण तिचं मूळ कव्हरात नाही. वाळलेलं ग्रीस, दात्यांत बसलेली माती आणि गंजलेली पिन यांनी कपलर, म्हणजे पीटीओच्या दात्यांवर बसणारं जॉइंटचं टोक, धरलेला असतो. मग घण येतो. घणानं दाते चेपतात, पिन वाकते आणि मार ट्रॅक्टरच्या आतल्या बेअरिंगला आणि सीललाही बसतो. वाकलेली पिन टाकून तिथं लांब नटबोल्ट घातला जातो, आणि खरा घात इथं होतो. बोटभर बाहेर आलेला तो बोल्ट म्हणजे सेकंदाला नऊ वेळा फिरणारा आकडाच. गुळगुळीत शाफ्टवरून एखादे वेळी निसटलं असतं, ते कापड हा बोल्ट हमखास पकडतो.

चौथं उत्तर अपघातानंतर ऐकू येतं : ‘पदर खोचायला नको होता का?’ हे सर्वांत अन्यायाचं. कव्हर काढायचा निर्णय त्या मजूर बाईनं घेतला नव्हता, बोल्टही तिनं घातला नव्हता. १९८३ च्या धोकादायक यंत्र नियमन कायद्यानं मळणी यंत्राला धोकादायक यंत्र ठरवलं, आणि जखमी किंवा मृत कामगाराच्या भरपाईचा विचारही त्यात केला. सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना मृत्यूनंतर दोन लाख रुपये देते, पण ती लागू आहे खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एका सदस्याला. जिचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नाही, ती भूमिहीन मजूर या योजनेत बसत नाही. शाफ्टच्या सर्वांत जवळ मात्र तीच उभी असते.

मग करायचं काय? जॉइंट काढायचा तर पीटीओ बंद, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, किल्ली खिशात. शाफ्ट पूर्ण थांबल्याचं डोळ्यांनी बघायचं. दाते पुसून गंजावर पातळ तेल सोडायचं आणि थोडा वेळ थांबायचं. मशीनचं फ्लायव्हील हातानं जरा मागं-पुढं फिरवलं की दात्यांवरचा ताण सुटतो. मग पिन दाबून कपलर हलवत सरळ ओढायचा. ठोकायची वेळ आलीच तर लाकडी मोगरीनं, तेही कपलरच्या जाड अंगावर. दात्यांवर किंवा पिनेवर नाही. इंजिन चालू करून झटक्यानं सोडवायचा विचारसुद्धा करायचा नाही. परत बसवताना दात्यांना ग्रीस लावायचं, पिन खट्ट करून खाचेत बसली का ते ओढून बघायचं, आणि कव्हर स्वतः फिरू नये म्हणून त्याची साखळी ट्रॅक्टरला व मशीनला अडकवायची. फिरता शाफ्ट ओलांडून कुणीच जायचं नाही, मालकानंही नाही.

यात वेळ जातो, हे कबूल. पण पिनेची आणि दात्यांची निगा सुगीआधी घरीच झाली तर शेतात जॉइंट काढायला मिनिटं पुरतात. घाईवरचा उपाय आधीची तयारी हा आहे, कव्हर फेकून देणं हा नव्हे.

आणि हे घडवून आणायची ताकद शेतकऱ्याच्या हातात आहे, कारण मळणीचे पैसे तो मोजतो. मशीन रानात आलं की आधी कव्हर आणि पिन बघावी, पोत्याचा दर मग ठरवावा. बोल्ट दिसला तर मशीन परत पाठवावं. दोन-चार शेतांतून परत गेलेला मशीनवाला पाचव्या शेतात पिन घालूनच येईल.