संदेष्टे म्हणजे ज्योतिषी नव्हेत

बायबलमधल्या संदेष्ट्यांविषयी दोन मते हमखास ऐकू येतात. काही श्रद्धाळू त्यांची वचने आजच्या युद्धांच्या बातम्यांशी ताडून पाहतात आणि भाकीत खरे ठरले, म्हणून विश्वास ठेवा असे सांगतात. चिकित्सक म्हणतात, यातले बरेचसे घटना घडून गेल्यावर लिहिलेले. उरलेली हरलेल्यांची भाबडी समजूत. भांडण कडाक्याचे, पण गृहीतक एकच: संदेष्ट्याचे काम भविष्य सांगणे. मला हे गृहीतकच मान्य नाही.

यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथातला चाळिसाव्या अध्यायापासूनचा काव्यभाग यहुदी लोक बाबेलच्या बंदिवासात असतानाचा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इ.स.पू. 539 मध्ये बाबेल जिंकणाऱ्या कोरेशाचे नावही त्यात येते. हे कबूल केल्याने काव्याचे मोल घटत नाही. मंदिर जळाले, राजा कैदेत, अशा लोकांना कवी अरण्यातून घराकडे जाणारा रस्ता दाखवतो. हिब्रू काव्यात एका ओळीतली गोष्ट दुसरी ओळ पुन्हा उचलते आणि पुढे नेते. ओसाड भूमीचे नाव निघाले की मागोमाग तिथे पाणी येते. आशा या रचनेतच मुरलेली आहे.

आता भाबडेपणाचा आरोप. बंदिवासातून दोन वर्षांत सुटका होईल, असे हनन्या नावाचा संदेष्टा सांगत होता. यिर्मया या संदेष्ट्याने त्याला खोटे ठरवले. बंदिवानांना त्याने पत्र धाडले ते परक्या मुलुखात घरे बांधून, बागा लावून राहण्याचे. मुदत सांगितली सत्तर वर्षांची. खोटा दिलासा देणारा असे कशाला लिहील?

आणि हाच यिर्मया, यरुशलेमला वेढा पडलेला असताना, स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत असताना, चुलतभावाचे अनाथोथ गावातले शेत विकत घेतो. 17 शेकेल चांदी तराजूत तोलतो, साक्षीदारांसमोर खरेदीखत करतो आणि ते टिकावे म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला लावतो. मग देवालाच विचारतो, नगर शत्रूच्या हाती जात असताना हे शेत कशासाठी? प्रश्न सुटलेला नसतानाही व्यवहार पुरा करणे, याला मी श्रद्धा म्हणतो.

खरे ठरलेले भाकीत इतिहासात जमा होते. काव्य तसे संपत नाही. म्हणूनच 1963 मध्ये वॉशिंग्टनच्या भाषणात मार्टिन ल्यूथर किंग यांना आमोस आणि यशया या संदेष्ट्यांच्या प्रतिमा हाताशी घेता आल्या. संदेष्ट्यांचे काव्य तारखा जुळवण्यासाठी नव्हे, अन्यायापुढे मान न तुकवण्याचे बळ मिळवण्यासाठी वाचावे.